हिंदूरावांची टेकडी आणि घड्याळजी

दिल्लीस बदली होऊन आलेल्या मराठी माणसास पहिल्या काही महिन्यांतच एका गोष्टीचे नवल वाटते. ह्या परक्या शहरात, सदर बाजारच्या गर्दीलगत, 'बाडा हिंदूराव' नावाची वस्ती आहे. आणि उत्तरेकडील टेकडीवर, ज्या कड्याला दिल्लीकर 'रिज' म्हणतात त्यावर, हिंदूरावांच्याच नावाचे महापालिकेचे मोठे रुग्णालय आहे. रिक्षावाला ते नाव सराईतपणे उच्चारतो, पण हे हिंदूराव कोण, हे त्याला ठाऊक नसते. आपल्यापैकीही बहुतेकांना ते ठाऊक नसते.

हिंदूराव म्हणजे कागलकर घाटगे. दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे, ज्यांनी १७९८ च्या सुमारास पुण्यातील सावकारांकडून निर्दयपणे पैसा उकळला, त्यांचे हे चिरंजीव आणि बायजाबाई शिंदे ह्यांचे बंधू. १८२७ साली दौलतराव वारले. त्यानंतर बायजाबाईंनी ग्वाल्हेरचा कारभार हाती ठेवला, परंतु १८३३ साली दत्तक पुत्राच्या पक्षाने त्यांना राज्याबाहेर काढले. बहिणीबरोबर भावाचेही ग्वाल्हेर सुटले. हिंदूराव दिल्लीस आले. २२ मार्च १८३५ रोजी कंपनीचा दिल्लीतील अधिकारी विल्यम फ्रेझर ह्याचा खून झाला, आणि त्याचा टेकडीवरील प्रशस्त बंगला पुढे हिंदूरावांनी विकत घेतला. त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात १८५७ चा संग्राम उसळला, आणि त्या बंगल्यावर तोफगोळ्यांचा असा वर्षाव झाला की 'हिंदूरावांचे घर' हे नाव इंग्रजांच्या प्रत्येक युद्धवर्णनात कायमचे नोंदले गेले. घरधनी गेला, घर पडले, नाव राहिले. आपणांसारख्या बदलीवर फिरणाऱ्या माणसांना ह्या नावाविषयी थोडी आपुलकी वाटावी, हे स्वाभाविक आहे.

परंतु आज ह्या टेकडीकडे वळण्याचे कारण वेगळे आहे. माझे एक स्नेही, केंद्र सरकारच्या सेवेतून नुकतेच निवृत्त झालेले, ह्याच भागात राहतात. त्यांच्या मनगटावर चाळीस वर्षे एक स्विस घड्याळ आहे, सोनेरी, पातळ, सेलवर चालणारे. ते त्यांना लग्नात सासऱ्यांनी दिले होते. सासरे साधे शाळामास्तर. त्या काळी त्या घड्याळापायी त्यांनी किती महिन्यांचा पगार घातला असेल, ह्याचा हिशेब जावयाने कधी विचारला नाही. गेल्या पावसाळ्यात ते घड्याळ बंद पडले. स्नेही एका झगझगीत सेवाकेंद्रात गेले. तेथे त्यांना सांगण्यात आले की नुसता सेल बदलून मिळणार नाही. घड्याळ जुने असल्याने संपूर्ण दुरुस्तीच करावी लागेल. आणि त्यासाठी जो आकडा सांगण्यात आला, त्यात एक नवे चांगले घड्याळ सहज आले असते. स्नेही मुकाट्याने परत आले व घड्याळ कपाटाच्या खणात ठेवून त्यांनी खण लावून घेतला. "शंभर-सव्वाशे रुपयांच्या सेलपायी एवढे?" एवढेच ते म्हणाले.

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर इतिहासात शिरल्यावाचून मिळत नाही. वेळ दाखवणारी वस्तू मनुष्य एकदाच मिळवतो. तिचा सांभाळ मात्र जन्मभर करावा लागतो. तो सांभाळ कोणी करायचा आणि त्याचे मोल कोणी द्यायचे, ह्याची व्यवस्था प्रत्येक युगाने आपापल्या परीने लावली. त्या व्यवस्थेचे सर्वांत जुने खुणेचे ठिकाण शोधू लागलो, तर पुन्हा हिंदूरावांच्या टेकडीवरच यावे लागते.

रुग्णालयाच्या आवारात 'पीर गायब' नावाची एक दगडी, दुमजली, ओबडधोबड इमारत उभी आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने ह्या टेकडीवर बांधलेल्या शिकारी महालाचा तो अवशेष मानला जातो. तिच्या छतात वर्तुळाकार छिद्र असून त्यावर दगडी नळकांडे उभारलेले आहे. त्यामुळे तेथून आकाशाचे वेध घेतले जात असावेत, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तो तर्क खरा असो वा नसो, फिरोजशहास कालमापनाचा नाद होता हे निश्चित. त्याच्या काळाचा इतिहास लिहिणारा शम्स सिराज अफीफ मोठ्या कौतुकाने 'तास-घडियाल' नावाच्या यंत्राचे वर्णन करतो. फिरोजाबादेच्या महालावर ते बसवलेले होते. आभाळ भरलेले असले तरी नमाजाची वेळ कळावी, रोजाचा आरंभ व शेवट कळावा, दिवस किती सरला व रात्र किती उरली हे रयतेस समजावे, असे त्याचे लाभ अफीफ सांगतो.

मराठी वाचकाने ह्यातील 'तास' ह्या शब्दापाशी थांबावे. हिंदी भाषक 'घंटा' म्हणतो. आपण 'तास' म्हणतो. मूळ अर्थ वाटी, थाळी; तिच्यावर ठोका देऊन वेळ जाहीर करीत, म्हणून ठोक्यांमधील अवधीसही तेच नाव पडले. तसेच 'घटका'. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की एक घटका झाली. अशा साठ घटकांचे अहोरात्र, म्हणजे घटका चोवीस मिनिटांची. 'त्याची घटका भरली' असे आपण आजही म्हणतो, तेव्हा ते बुडणारे पात्रच आपल्या बोलण्यात असते. विवाहमुहूर्तासाठी घटिकापात्र मांडण्याची चाल तर कालपरवापर्यंत घरोघर होती.

आता ह्या घड्याळाचा खर्च काय? पात्राचा खर्च नगण्य. खर्च होता तो माणसाचा. पात्र बुडाले की ते काढून पुन्हा पाण्यावर सोडणारा आणि थाळीवर ठोका मारणारा पहारेकरी रात्रंदिवस जागा हवा. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील ह्या घडियालींचे वर्णन केले आहे. पूर्वी नुसत्या घटकांचे ठोके पडत, त्यामुळे रात्री जाग आलेल्यास कितवा प्रहर चालू आहे हे कळत नसे. म्हणून घटकांमागून प्रहराचेही ठोके द्यावेत, असा हुकूम आपण काढला, असे तो लिहितो. हे घड्याळ बिघडत नसे. त्याचा घडियाली मात्र पेंगत असे. त्याचे वेतन राजा देई आणि वेळ साऱ्या शहरास फुकट मिळे. कालमापनाच्या सांभाळाचे हे पहिले युग.

दुसरे युग किल्लीच्या घड्याळाचे. युरोपातून घड्याळे आली ती प्रथम दरबारी भेट म्हणून. कंपनीच्या अमदानीत नजराणे व भेटी ह्यांचा विनिमय चाले, आणि अधिकाऱ्यास मिळालेली वस्तू तोशखान्यात जमा होऊन पुढे दुसऱ्या एखाद्या दरबारी भेट म्हणून जाई. विदेशी भेटवस्तू तोशखान्यात जमा करण्याचा नियम आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहेच. अशा भेटींत घड्याळांचा मान मोठा. परंतु ते दुरुस्त करणारा कारागीर भेटीबरोबर येत नसे. बंद पडलेले किमती घड्याळ दिवाणखान्यात नुसते शोभेला राही.

ही अडचण दूर केली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील व्यापाराने. फाव्र-ल्यूबा ह्या जुन्या स्विस पेढीने १८६० नंतर हिंदुस्थानात पाय रोवले. मागून वेस्ट एंड वॉच कंपनी मुंबईत आली. रेल्वे, तारखाते, कचेऱ्या, गिरण्या ह्यांनी मिनिटाला किंमत आणली. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईकराने एकोणचाळीस मिनिटांनी मागे असलेली आपली 'मुंबई टाइम' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे हट्टाने सांभाळली. अशा ह्या काळात प्रत्येक पेठेच्या तोंडाशी एक नवा कारागीर बसू लागला. महाराष्ट्रात तो घड्याळजी, दिल्लीत घडीसाज. काचेची छोटी पेटी, डोळ्यास लावलेले भिंग, हातात चिमटा. दर तीन ते पाच वर्षांनी घड्याळ उघडायचे, प्रत्येक चक्र सुटे करून धुवायचे, माणकांच्या छिद्रांत तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब सोडायचा, पुन्हा जुळवायचे आणि दोन-चार दिवस चालवून पाहायचे, असे त्याचे काम. सुटा भाग बाजारात मिळे. न मिळाला तर चांगला घड्याळजी दुसऱ्या घड्याळातून काढी किंवा घासून घडवी. स्विस घड्याळ असो वा जपानी, आतील तत्त्व एकच. म्हणून कोणाचेही घड्याळ कोणीही दुरुस्त करू शके. खर्चाचा भार आता राजाकडून गृहस्थाकडे आला होता, पण तो त्याच्या आवाक्यातला होता.

१९६१ साली हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरास घड्याळे बनवण्यास आरंभ केला. त्यातील 'जनता' हे किल्लीचे घड्याळ किती कारकुनांच्या, मास्तरांच्या, शिपायांच्या मनगटावर चढले ह्याची गणती नाही. नोकरी लागल्यावर घड्याळ, लग्नात घड्याळ, निवृत्तीला घड्याळ. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती घड्याळकंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तरी ती जुनी घड्याळे अजून चालतात, कारण ती उघडता येतात, धुता येतात आणि त्यांचे भाग एकमेकांस चालतात.

तिसरे युग सेलचे. १९५७ साली अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीने पहिले विजेवर चालणारे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. १९६० साली बुलोव्हाने सेकंदास ३६० वेळा कंप पावणाऱ्या सूरकाट्यावर चालणारे घड्याळ काढले. खरी क्रांती झाली ती २५ डिसेंबर १९६९ रोजी, जेव्हा टोकियोत सैकोचे 'अ‍ॅस्ट्रॉन' हे स्फटिकाचे पहिले मनगटी घड्याळ विकावयास आले. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळी एका लहान मोटारीइतकी. त्यामागील तत्त्व पिएर क्यूरी व त्याचा भाऊ जाक ह्यांनी १८८० च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले होते: क्वार्ट्झच्या स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, आणि वीज दिली की तो कंप पावतो. आजच्या घड्याळातील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरते. तोच एक ठोका सेकंदकाट्यास पुढे ढकलतो.

ह्या शोधाने घड्याळ अचूक झाले व स्वस्तही झाले. १९७० साली स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यात सुमारे नव्वद हजार लोक काम करीत. पुढील पंधरा वर्षांत ती संख्या एक-तृतीयांशावर आली. भारतात १९८४ साली टाटा उद्योगसमूह व तमिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ ह्यांच्या भागीदारीने टायटनची स्थापना झाली आणि सेलचे घड्याळ घरोघर गेले. किल्ली देण्याची सकाळची सवय गेली. तिच्याबरोबर घड्याळजीचे निम्मे काम गेले. तो नुसता सेल व पट्टा बदलणारा झाला. त्याच्या मुलाने मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढले.

आता माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येऊ. स्वस्त घड्याळाचा सेल शंभर रुपयांत बदलतो आणि किमती घड्याळाच्या सेलपायी हजारो रुपये का मागतात? सेल तर तोच. १.५५ व्होल्टचा, सिल्व्हर ऑक्साइडचा, शर्टाच्या बटणाहूनही लहान. अनेक किमती घड्याळांत आतील यंत्रही स्वतःचे नसते. स्वित्झर्लंडमधील मोजक्या कारखान्यांत बनलेले तेच यंत्र पाच निरनिराळ्या नावांच्या घड्याळांत बसवलेले आढळते. फरक असतो तो कवचाचा, नावाचा आणि एका तिसऱ्याच गोष्टीचा: सुटे भाग कोणास द्यायचे ह्या अधिकाराचा.

हा अधिकार कोणाचा, हा वाद युरोपात फार वर्षे चालला. २००४ साली तेथील स्वतंत्र घड्याळजींच्या महासंघाने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली की बडे स्विस उत्पादक आम्हांस सुटे भाग देत नाहीत. आयोगाने २००८ साली तक्रार फेटाळली. महासंघ न्यायालयात गेला, आणि डिसेंबर २०१० मध्ये युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द ठरवला. आयोगाने पुन्हा चौकशी केली व २०१४ साली पुन्हा तक्रार फेटाळली. ह्या वेळी मात्र ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. गुणवत्ता राखण्यासाठी भाग केवळ मान्यताप्राप्त दुरुस्तीकारांसच देण्याची पद्धत बेकायदा नव्हे, असा त्याचा इत्यर्थ. तेरा वर्षे लढून घड्याळजी हरले. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू व मोटारी ही चार क्षेत्रे तिने आरंभी डोळ्यांपुढे ठेवली. घड्याळाचा स्वतंत्र उल्लेख त्यांत नाही.

उत्पादकांच्या बाजूनेही न्यायाने दोन शब्द लिहिले पाहिजेत. अडाणी हाताने उघडलेले घड्याळ कायमचे बिघडते, हे खोटे नाही. झाकणाखालील रबरी कडे जुने झाले की दमट हवा आत शिरते. नुसता सेल बदलून ते कडे तसेच ठेवले, तर 'पाण्यात चालणारे' घड्याळ पहिल्या पावसात बुडते. यंत्रातील तेल आटून घट्ट झाले असेल, तर नवा सेलही चार-सहा महिन्यांत संपतो; मग ग्राहक सेलला दोष देतो आणि दोष असतो तेलाचा. यंत्र किती वीज ओढते हे मोजून पाहणारा कारागीरच हे ओळखू शकतो. म्हणून सेवाकेंद्राची गरज नाही असे नव्हे. हमीची मुदत असलेले, खोल पाण्यात नेण्याचे किंवा गुंतागुंतीच्या यंत्राचे घड्याळ तेथेच द्यावे. परंतु तीन काट्यांचे, मुदत संपलेले, कोरड्या मनगटावर वापरायचे साधे स्फटिकाचे घड्याळ जाणत्या घड्याळजीकडे देण्यात धोका थोडा आणि बचत मोठी. जाणता कोण हे ओळखावे कसे? जो सेल बदलण्यापूर्वी जुन्या सेलचा अंक वाचून दाखवतो, सेल गळला आहे का हे भिंगातून पाहतो, रबरी कड्याविषयी आपण होऊन बोलतो, आणि आपल्याला जे करता येत नाही ते स्पष्ट सांगतो, तो.

असा एक घडीसाज बाडा हिंदूरावाच्या एका गल्लीत आमच्या स्नेह्यांस अखेर भेटला. वयोवृद्ध, उर्दू ढंगाचे बोलणारा. स्नेही त्याला 'उस्ताद' म्हणू लागले, तो त्यांना 'साहेब'. त्याने झाकण उघडले, भिंग लावले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, हे आणखी वर्षभर खणात राहिले असते तर गेलेच होते." जुना सेल कडेने पाझरू लागला होता. त्याचा क्षार यंत्रापर्यंत पोचण्यास केसाएवढे अंतर उरले होते. त्याने क्षार पुसला, यंत्र धुऊन तेल दिले, सेल बदलला, नवे कडे बसवले. आणि बजावले की पाण्याच्या दाबाची परीक्षा करण्याचे साधन आपल्याकडे नाही, तेव्हा हे घड्याळ हात धुतानाही काढून ठेवावे. त्याने मागितलेले पैसे सेवाकेंद्राच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होते. स्नेह्यांनी थोडे अधिक देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत.

ह्यातून एक धडा आपणां सर्वांच्या उपयोगाचा आहे. वडिलांचे, सासऱ्यांचे, निवृत्तीच्या वेळी मिळालेले एखादे सेलचे घड्याळ बंद पडून आपल्या घरी खणात पडले असेल, तर ते पुन्हा चालवायचे नसले तरी त्यातील सेल आजच काढून घ्यावा. सेकंदकाटा एकेका ऐवजी चार-चार सेकंदांनी उडी मारू लागला, तर बऱ्याच घड्याळांत ती सेल संपत आल्याची सूचना असते. ती दिसताच उठावे. किल्लीचे घड्याळ बंद पडले तर नुसते झोपते. सेलचे घड्याळ बंद पडले तर आतून कुजते.

ह्या टेकडीवर, पीर गायबपासून थोड्याच अंतरावर, अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. तो मूळ मेरठचा. फिरोजशहाने तो येथे आणून आपल्या महालापाशी उभा केला. फर्रुखसियरच्या कारकिर्दीत, १७१३ ते १७१९ च्या दरम्यान, दारूगोळ्याचा स्फोट होऊन त्याचे पाच तुकडे झाले आणि ते शतकाहून अधिक काळ मातीत पडून राहिले. टेकडीची जागा हिंदूरावांकडे आली तेव्हा त्यांनी ते तुकडे बंगालच्या एशियाटिक सोसायटीस देऊन टाकले. लेख असलेला भाग कापून कलकत्त्यास गेला. पुढे तो परत आला आणि १८६७ साली तुकडे जोडून स्तंभ पुन्हा उभा राहिला. सांधे आजही दिसतात.

आज देशाची प्रमाणवेळ ह्याच दिल्लीत, राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील अणुघड्याळांवर राखली जाते. तिच्या अचूकतेपुढे आमच्या स्नेह्यांचे घड्याळ महिन्याकाठी काही सेकंद चुकते. त्याची त्यांस खंत नाही. परवा ते भेटले तेव्हा मी वेळ विचारली. त्यांनी खिशातला मोबाइल काढला नाही. बाही वर सारली.